आईचा दाब उतरवायचा, वडिलांचा चढवायचा

प्रश्न : माझ्या आईचे वय ६६ आहे. दोन महिन्यांपूर्वी तिचा रक्तदाब १६८/९८ निघाला, म्हणून डॉक्टरांनी तिला टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी रोज सकाळी सुरू केली. दाब १२६/८० वर आला, पण संध्याकाळी घोटे सुजू लागले. गोळ्यांनी मूत्रपिंडे बिघडतात असे म्हणत तिने चार दिवसांपूर्वी आपणहून गोळी बंद केली. कालचा दाब १३०/८२ आहे, त्यामुळे आता गोळीची गरजच उरली नाही असे तिला वाटते. वडील ७२ वर्षांचे असून त्यांना पार्किन्सन आहे. उठून उभे राहिले की त्यांचा वरचा दाब १३६ वरून १०२ पर्यंत घसरतो आणि चक्कर येते, म्हणून त्यांना दिवसातून तीनदा मिडोड्रिन दिले आहे. रात्री आडवे झाल्यावर मात्र तोच दाब १७० भरतो. एकाच घरात एक गोळी दाब उतरवते आणि दुसरी चढवते, हे कसे? नेमके कुठे जायचे हे गोळीला कसे कळते? या गोळ्यांची सवय लागते का? आई गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेते आणि वडिलांना प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन व पार्किन्सनसाठी लेवोडोपा आहे. बाकी दोघांनाही काही औषध नाही.

उत्तर : तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो, कारण आईने थांबवलेल्या गोळीविषयी आधी बोलणे आवश्यक आहे. काल मोजलेला १३०/८२ हा दाब गोळीविना राहिलेल्या शरीराचा आहे असे तुम्ही धरले आहे, आणि तसे धरणे स्वाभाविकही आहे. परंतु अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३० ते ५० तास लागतात आणि उतारवयात त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. हिशेब केला तर गोळी थांबवून चार दिवस झाल्यावरही सुमारे दहाव्या ते चौथ्या हिश्श्याइतके औषध आईच्या रक्तात शिल्लक असणार. शिवाय औषध पूर्ण निघून गेल्यावरही दाब त्याच दिवशी मूळ पातळीवर जात नाही. काहींच्या बाबतीत तो परतायला काही आठवडे लागतात. त्यामुळे कालचा आकडा हा गोळीचाच उरलेला परिणाम असण्याची शक्यता फार मोठी आहे. दाब चढत असताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही, ही या विकाराची सर्वांत वाईट बाजू आहे, आणि म्हणूनच ‘बरे वाटते आहे’ या एका आधारावर निर्णय घेऊ नये असे मी कळकळीने सांगेन.

आता गोळ्या काय करतात ते पाहू. धमन्यांमधला दाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि त्या रक्ताला पुढच्या बारीक वाहिन्यांमध्ये किती अडथळा होतो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. हे रक्त किती असावे हे बऱ्याच अंशी मूत्रपिंडे ठरवतात, कारण शरीरात मीठ आणि पाणी किती राखायचे याचा अंतिम निर्णय त्यांच्याकडे असतो. हृदय, बारीक धमन्या आणि मूत्रपिंडे या तिघांवर मज्जासंस्था आणि संप्रेरके सतत लक्ष ठेवून असतात. मानेतील धमनीच्या भिंतीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके आहेत. दाब किंचित घसरला तरी ती मेंदूला कळवतात, आणि पुढच्या काही ठोक्यांतच हृदयाची गती वाढते व वाहिन्या आवळल्या जातात. दाब चढवणारे औषध असो वा उतरवणारे, दोन्ही याच यंत्रणेचा कुठला तरी दुवा धरतात. एक तो ओढते आणि दुसरे तो सैल सोडते. म्हणून तुमच्या घरातल्या दोन गोळ्यांमध्ये विसंगती नाही.

गोळीला कुठे जायचे ते कळत नाही. ती विरघळून रक्तात उतरते आणि रक्त जिथे जाते तिथे सगळीकडे जाते; फक्त तिचा रेणू ज्या ग्राहीवर (पेशीवरच्या संदेश स्वीकारणाऱ्या जागेवर) किंवा पेशीच्या ज्या द्वारावर बसू शकतो, तिथेच तिचा परिणाम दिसतो. तोच ग्राही शरीरात आणखी कुठे असेल तर तिथेही परिणाम होतो, आणि त्यालाच आपण दुष्परिणाम म्हणतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर आईची सूज आणि वडिलांचा रात्रीचा दाब या दोन्हींचा उलगडा होतो.

अ‍ॅम्लोडिपिनपासून सुरुवात करू. बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो, आणि त्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरले की ते आवळतात. अ‍ॅम्लोडिपिन कॅल्शियमचा हा प्रवेशमार्ग अडवते, त्यामुळे स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. (हाडांतील कॅल्शियमशी याचा काही संबंध नाही, हा गैरसमज फार जणांना असतो.) वाहिनी किंचित रुंदावल्यानेही दाबात एवढा फरक पडतो याचे कारण असे, की नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा १६ पट होतो, आणि त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी वाढली तर तो जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या सैलपणावर आईचा दाब ४० अंकांनी खाली आला, तो या नियमामुळे.

परंतु अ‍ॅम्लोडिपिन रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या जितक्या सैल करते, तितक्या रक्त परत नेणाऱ्या शिरा सैल करत नाही. केशवाहिन्यांच्या जाळ्यात येणारी वाट रुंद झाली आणि जाणारी वाट तशीच राहिली, की मधल्या जाळ्यातला दाब वाढतो आणि तेथून थोडे पाणी आजूबाजूच्या ऊतींत झिरपते. दिवसभर पाय खाली असल्यामुळे हे पाणी घोट्यांपाशी साचते आणि रात्रभर आडवे पडल्यावर ओसरते. ही सूज मूत्रपिंडे बिघडल्याची खूण नव्हे, आणि शरीरात जादा पाणी साठल्यामुळेही ती आलेली नसते. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ती फारशी उतरत नाही, आणि केवळ या सुजेसाठी तशी गोळी वाढवून घेणे मला योग्य वाटत नाही. अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा कमी केली तर ती बहुधा ओसरते. टेल्मिसार्टन शिराही सैल करत असल्यामुळे दोन्ही औषधे एकत्र दिल्यास सूज एरवीपेक्षा कमी राहते. तरीही आईच्या डॉक्टरांनी पाय एकदा प्रत्यक्ष पाहावेत, कारण हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या विकारांतही पाय सुजतात. सूज एकाच पायावर असेल, पोटरी दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर वाट न पाहता तपासून घ्यावे.

टेल्मिसार्टनचा मार्ग वेगळा आहे. मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते आहे असे वाटले, की ती रेनिन नावाचे विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. त्यापासून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी, मुख्यतः फुप्फुसांतून जाताना, अँजिओटेन्सिन-२ तयार होते. हा पदार्थ वाहिन्या जोरात आवळतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडायला लावून मीठ व पाणी राखायला भाग पाडतो. या साखळीवर घाव घालणारे पहिले यशस्वी तोंडी औषध कसे सापडले, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या दंशाने माणसाचा रक्तदाब कोसळतो. सर्जियो फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाने १९६० च्या दशकात त्या विषातील द्रव्यांचा अभ्यास केला, आणि अँजिओटेन्सिन-२ घडवणारे विकर ती द्रव्ये रोखतात हे पुढे स्पष्ट झाले. त्याच धाग्यावरून कॅप्टोप्रिल घडले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही त्याच कुळातील. ज्या विकराला ही औषधे रोखतात, तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचाही निचरा करते. तो निचरा अडल्यामुळे काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. टेल्मिसार्टन विकराला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसते तो ग्राहीच ते व्यापून टाकते, आणि म्हणून त्याने असा खोकला सहसा येत नाही.

‘गोळ्यांनी मूत्रपिंडे बिघडतात’ या आईच्या भीतीला मी हसणार नाही, कारण तिच्यामागे सत्याचा एक कण आहे. मूत्रपिंडातील गाळणीतून जे रक्त बाहेर जाते त्या वाटेला अँजिओटेन्सिन-२ आवळून धरते आणि त्यामुळे गाळणीतला दाब टिकतो. टेल्मिसार्टनने ही वाट सैल झाली की गाळणीतला दाब थोडा उतरतो आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) किंचित वाढू शकते. सुरुवातीची ही माफक वाढ अपेक्षितच असते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा लक्ष ठेवून स्वीकारतात. गाळणीवरचा कायमचा जादा ताण कमी झाल्याने वर्षानुवर्षांच्या हिशेबात मूत्रपिंडांचे रक्षणच होते, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत आणि लघवीतून प्रथिने जाणाऱ्यांत. मूत्रपिंडे खरोखर झिजवतो तो उपचाराविना राहिलेला उच्च रक्तदाब. मात्र हे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवे, कारण त्याने पोटॅशियम वाढू शकते. अशी तपासणी झाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. झाली नसेल तर ती आता करून घ्यावी, आणि कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे, पोटॅशियम असलेले मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही आणखी तीन औषधांची नावे लिहिली आहेत. मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते त्या वाक्याने. आईचे डायक्लोफेनॅक हे नकळत दाब चढवणारे औषध आहे. वेदना आणि दाह निर्माण करणारे प्रोस्टाग्लँडिन ते कमी करते. पण मूत्रपिंडांत हेच पदार्थ गाळणीकडे रक्त आणणारी वाट उघडी ठेवतात आणि मीठ बाहेर टाकायला मदत करतात. ते घटले की शरीरात मीठ-पाणी राहते, दाब वाढतो, आणि टेल्मिसार्टनचा परिणाम बोथट होतो. त्याहून गंभीर बाब अशी, की टेल्मिसार्टनने गाळणीतून बाहेर जाणारी वाट सैल असताना डायक्लोफेनॅकने आत येणारी वाट आवळली, तर गाळणीतला दाब दोन्हीकडून उतरतो. यात लघवी वाढवणारी गोळी किंवा जुलाब-उलट्यांमुळे झालेली पाण्याची तूट यांची भर पडली, तर मूत्रपिंडांना अचानक इजा होऊ शकते. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांनाही हेच लागू आहे. आईला गुडघ्यांसाठी काय घेता येईल हे डॉक्टरांना विचारा. वर लावायचा मलम, व्यायाम किंवा पॅरासिटामॉल असे पर्याय ते सुचवू शकतील. नियमितपणे मोठ्या मात्रेत घेतल्यास पॅरासिटामॉलनेही काहींचा दाब थोडा वाढतो, आणि पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते, एवढे मनात असू द्या. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनसारख्या गोळ्या, स्टेरॉइड आणि मोठ्या प्रमाणात घेतलेला ज्येष्ठमध ही आणखी काही नकळत दाब चढवणारी द्रव्ये.

वडिलांच्या बाबतीत दुवा तुटला आहे तो मज्जासंस्थेचा. माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटातील शिरांत उतरते. निरोगी माणसाच्या वाहिन्या तत्क्षणी आवळल्या जातात म्हणून आपल्याला काही कळत नाही. पार्किन्सनमध्ये वाहिन्यांना आवळण्याची आज्ञा देणारे मज्जातंतूच क्षीण होऊ शकतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० अंकांनी उतरला तर त्याला उभ्याने होणारी घसरण मानतात. वडिलांची घसरण ३४ अंकांची आहे. मिडोड्रिन शरीरात गेल्यावर एका सक्रिय द्रव्यात रूपांतरित होते. ते वाहिन्यांवरच्या अल्फा-१ ग्राहींवर बसून, मज्जातंतूंकडून न आलेली आज्ञा स्वतः देते. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून ते दिवसातून तीनदा द्यावे लागते. केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंवरही हेच ग्राही असतात; त्यामुळे डोक्याच्या त्वचेला मुंग्या आल्यासारखे वाटते किंवा अंगावर काटा येतो. वडिलांनी तशी तक्रार केली तर घाबरू नका.

मात्र मिडोड्रिनला माणूस उभा आहे की आडवा हे कळत नाही. वडील झोपले, पायांतले रक्त छातीकडे परतले, तरी वाहिन्या आवळलेल्याच राहतात, आणि ज्या मज्जासंस्थेने दाब सावरायचा तीच दुबळी असल्यामुळे तो १७० वर जातो. यासाठीच शेवटची गोळी झोपण्यापूर्वी किमान चार तास आधी घ्यावी असा नियम आहे, आणि दुपारी आडवे व्हायचे असेल तर गोळीची वेळ त्यानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पलंगाची डोक्याकडची बाजू काही इंच उचलल्याने रात्रीचा दाब उतरायला मदत होते. अशा रुग्णांना काही वेळा फ्लुड्रोकॉर्टिसोनही देतात. ते अल्डोस्टेरोनसारखे मीठ व पाणी राखून काही दिवसांत दाब वाढवते, पण झोपेतला दाब तेही चढवते आणि पोटॅशियम उतरवते. रुग्णालयात जंतुसंसर्गाने दाब कोसळलेल्या रुग्णाला शिरेतून देतात ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मिडोड्रिनसारखेच अल्फा ग्राहींवर काम करते. परंतु त्याचा परिणाम काही मिनिटांचा, म्हणून ते थेंबाथेंबाने आणि सतत मोजमाप ठेवून द्यावे लागते.

आता टॅम्सुलोसिन. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडापाशी जे स्नायू आहेत त्यांच्यावरही अल्फा-१ ग्राही असतात. टॅम्सुलोसिन त्यांना सैल करून लघवीची वाट मोकळी करते, आणि मिडोड्रिन त्यांनाच आवळते. एका गोळीने लघवी तुंबू शकते, दुसरीने उभ्याने दाब घसरू शकतो. टॅम्सुलोसिन मुख्यतः या ग्राहींच्या प्रोस्टेटमधील उपप्रकारावर काम करते, म्हणून धडधाकट माणसाच्या रक्तदाबावर त्याचा परिणाम थोडाच होतो. पण वडिलांकडे तो थोडा परिणाम भरून काढणारी यंत्रणा नाही. लेवोडोपानेही दाब उतरतो. ही दोन्ही औषधे चूक आहेत असे मी म्हणत नाही, आणि लेवोडोपा तर तुम्ही कदापि आपणहून थांबवू नका. परंतु वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेली ही तीन औषधे एका डॉक्टरांनी एकत्र पाहिली आहेत का, याची मला शंका आहे. टॅम्सुलोसिनला पर्याय मिळाला तर मिडोड्रिनची मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न त्यांना अवश्य विचारा.

सवयीबद्दल. व्यसन लागते त्या अर्थाने या गोळ्यांची सवय लागत नाही. गोळी थांबवल्यावर दाब पुन्हा चढतो तो मूळ विकार तिथेच असल्यामुळे. पण शरीर औषधाशी जुळवून घेते हेही खरे. बरीच वर्षे चढ्या दाबाखाली राहिलेल्या माणसाच्या मानेतील मज्जातंतूंना तोच दाब योग्य वाटू लागलेला असतो, त्यामुळे औषध सुरू केल्यावर पहिले काही दिवस गळून गेल्यासारखे वाटते आणि नंतर ते जाते. काही औषधे मात्र एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीटा ग्राही रोखणारी औषधे दीर्घकाळ दिली की हृदयावरील ग्राहींची संख्या वाढते, आणि औषध एकदम काढले की हृदय धडधडू लागते, छातीत दुखू शकते. क्लोनिडिन अचानक बंद केल्यास दाब एक-दोन दिवसांत उसळतो. आईच्या गोळीत यांपैकी काही नाही, हे सुदैवच म्हणायचे.

लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही. पुढे कधी आईला त्या दिल्या गेल्या तर सोडियम व पोटॅशियम तपासत राहावे, एवढे पुरे. एक गोळी पुरेनाशी झाली की तिची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या मार्गाने काम करणारी गोळी थोड्या मात्रेत जोडल्याने दाब अधिक उतरतो आणि त्रास कमी होतो. आईला दोन औषधांची एक गोळी का दिली याचे उत्तर यात आहे.

तेव्हा आजच आईच्या डॉक्टरांना फोन करून गोळी किती दिवस बंद आहे, घोटे सुजतात आणि डायक्लोफेनॅक चालू आहे, या तिन्ही गोष्टी सांगा आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. सुजेमुळे अ‍ॅम्लोडिपिनची मात्रा बदलायची का, हे तेच ठरवतील. दरम्यान आईने पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसल्यावर, न बोलता, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा दाब मोजावा. दाब १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, दृष्टी अंधुक होणे किंवा एका बाजूला अशक्तपणा जाणवला, तर फोनवर सल्ला न विचारता थेट रुग्णालयात न्या. वडिलांचा दाब मात्र वेगळ्या रीतीने मोजायचा आहे : पाच मिनिटे आडवे असताना एकदा, उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, शेजारी कुणी आधाराला उभे असताना. प्रत्येक आकड्यापुढे मिडोड्रिन किती वाजता घेतले होते ते लिहा, आणि आठवडाभराची ही वही त्यांच्या सगळ्या औषधांसह डॉक्टरांकडे घेऊन जा.